ह्यांच्या सिनेमातली भुतं

ह्यांना सिनेमा येत नव्हता. ही गोष्ट मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळली आणि ह्यांना शेवटपर्यंत कळली नाही. आमच्या घरात बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. मी जन्मभर 'हे'च म्हणत आले, इथेही तसंच लिहिते.

डहाणूला स्टेशनजवळ ह्यांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, शाळांचे ग्रुप फोटो, आणि पुढे खांद्यावरचा व्हिडिओ कॅमेरा घेतल्यावर लग्नांची शूटिंगं. घरची चिकूची लहानशी वाडी होती, त्यामुळे चूल पेटण्याची काळजी नव्हती. ह्यांनी काढलेल्या लग्नाच्या कॅसेटीत नवरामुलगा बहुतेक वेळा कपाळापासून वर कापलेला असे. शेवटचं मंगलाष्टक संपून अक्षता पडायच्या, नेमका तेव्हाच ह्यांचा कॅमेरा मंडपाच्या झालरीवरून फिरत असायचा. तरी लोक ह्यांनाच बोलवत. माणूस गोड, वेळेवर हजर, रडणाऱ्या वधूच्या आईला हसवून सोडणारा. आणि लग्नाची कॅसेट एकदा पाहिली की परत कोण पाहतं?

पण ह्यांचा जीव लग्नांत नव्हता. ह्यांना सिनेमे काढायचे होते, आणि तेही भुतांचे.

"मला एकदा खोलीभर माणसं घाबरवायचीत," हे म्हणायचे. "एकदाच. मग कॅमेरा विकून टाकीन."

हे जेवताना म्हणायचे, वाडीला पाणी सोडताना म्हणायचे, मुलीला थोपटताना म्हणायचे. मी ऐकत होते. मुलगी थोपटता थोपटता झोपून जायची, ती कधी घाबरली नाही.

ह्यांनी बरेच सिनेमे काढले. सगळे मी पाहिले आहेत, आणि शेवटपर्यंत कुणी पाहिले असतील तर मीच. एकाबद्दल सांगायचं आहे.

आमच्या वाडीत चिकू उतरवायला तलासरीकडची माणसं यायची. त्यातली बरीचशी झरीच्या एका पाड्यावरची. हंगामात ती आमच्याच अंगणात राहत, स्वयंपाक करत, त्यांच्या पोरांची आणि आमच्या मुलीची खेळणी एकत्र व्हायची. ह्यांचं त्यांच्याकडे येणंजाणं होतं. एका वर्षी भातकापणी उरकल्यावर ह्यांनी कॅमेरा घेतला, मला स्कूटरवर बसवलं आणि आम्ही झरीला गेलो. सिनेमा तिथे काढायचा होता आणि भुतं पाड्यावरचीच माणसं होणार होती.

गोष्ट एवढीशी. एक वाटसरू ताडांच्या रानात वाट चुकतो. उन्हं कलायला लागतात. मग ताडांच्या मागून गावातली मेलेली माणसं एकेक करून पुढे येतात आणि त्याला विचारतात, "हे पांथस्था, माझे घर कोठे आहे?" बस. तासभर एवढंच. वाटसरूचं काम करायला ऐन वेळी कुणी आलं नाही, म्हणून ह्यांनी कॅमेराच वाटसरू केला. भूत यायचं, थेट कॅमेऱ्यात बघायचं आणि विचारायचं.

"अहो, पांथस्थ म्हणजे कुणाला कळणार?" मी म्हटलं.

"भुतं जुनी आहेत. जुनंच बोलणार."

तांदळाचं पीठ कालवून तोंडाला फासलं. चांगलं पीठ तोंडाला लावताहेत म्हणून बायका हसून बेजार. एक ताडी काढणारा म्हातारा होता, उंच, काटक. तो पहिलं भूत. एक सुईण होती, पाड्यावरची अर्धी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. एक दांडगा गवंडी होता, त्याला काही केल्या गंभीर होता येईना. अजून दोघंतिघं. आणि एक बाई कमी पडली म्हणून मी. तोंडाला पीठ फासून मीही ताडामागे उभी राहिले, आणि ह्यांनी हात केल्यावर पुढे आले.

थांबायचं कधी, हे ह्यांना कधीच कळलं नाही. भुताचा प्रश्न विचारून झाला तरी कॅमेरा चालूच. भूत बिचारं नुसतं उभं. पापण्या लवतात, नाकावरची माशी हाकलावी की नाही अशा विचारात हात अर्धवट उचलतं, मग खाली सोडतं. ते सगळं तसंच ठेवलं. "वातावरण आहे ते," हे म्हणाले.

घरी आल्यावर लक्षात आलं की वाऱ्यामुळे आवाज काहीच आलेला नाही. मग ह्यांनी अंगावर गोधडी घेऊन सगळ्यांचे आवाज स्वतःच दिले. त्यात ह्यांना सर्दी झालेली. ताडीवाला म्हातारा, सुईण, गवंडी, सगळे एकाच चोंदलेल्या नाकातून बोलायला लागले. मीसुद्धा. पडद्यावर माझं तोंड हलतं आणि आतून हे बोलतात.

झरीला तेव्हा भाताची गिरणी होती. बाजाराच्या दिवशी दुपारी तिच्या शेडमध्ये टीव्ही ठेवून, खिडक्यांना गोणपाटं लावून ह्यांनी सिनेमा दाखवला. पहिलं भूत आलं आणि "हे पांथस्था" म्हणालं, तशी शेड फुटली. लोक एकमेकांच्या अंगावर पडत हसले. सुईण आपलंच भूत पाहून हसता हसता पोत्यावरून खाली घसरली. हे टीव्हीच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून उभे होते. डोळे लकाकत होते.

परतताना स्कूटरवर म्हणाले, "पाहिलंस? कसे दचकत होते?"

"हसत होते हो."

"माणसं भीतीनंच हसतात," हे म्हणाले, आणि पुढचा सगळा रस्ता शीळ घालत आले.

हे जाऊन आता बारा-तेरा वर्षं झाली. वलसाडच्या दवाखान्यात गेले, हृदयाचं दुखणं होतं. कॅमेरा विकला नव्हता.

चारेक वर्षांपूर्वी आमच्या लेकीनं ह्यांच्या आठवणीत त्या सिनेमाचा छोटासा तुकडा इंटरनेटवर टाकला. तो हातोहात फिरला. कुठल्या कुठल्या लोकांनी पाहिला, हसले, खाली काय काय लिहिलं. लेकीला वाईट वाटलं. तिनं तो काढून टाकला, पण तोवर तो पसरला होता. आणि त्यातूनच एके दिवशी मुंबईहून एक तरुण दिग्दर्शक आमच्या दारात आला. त्याला ह्यांच्यावर सिनेमा काढायचा होता.

"काकू, आम्हाला त्यांची टिंगल नाही करायची," तो म्हणाला. "ज्याला काहीच जमत नाही आणि तरी जो थांबत नाही, असा माणूस मला दाखवायचाय. लोक हसतील, पण प्रेमानं हसतील."

मुलगा प्रामाणिक वाटला. मी लेकीला विचारलं. ती म्हणाली, "आई, तू ठरव." मला वाटलं, ह्यांना विचारलं असतं तर ह्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं असतं की कॅमेरा कुठला आहे. मी हो म्हटलं.

ह्यांचं काम करणारा नट चाळिशीचा होता, नाटकांतून आलेला, हुशार. चेहरा ह्यांच्यासारखा अजिबात नव्हता. त्यानं सगळ्या जुन्या कॅसेटी पाहिल्या, ह्यांचे फोटो पाहिले, माझ्याकडून ह्यांचं खिशाखिशांचं जाकीट मागून नेलं. बारीकसारीक विचारायचा. चहाचा कप कुठल्या हातानं धरायचे? रागावले की काय करायचे? मी सांगत गेले. सांगताना बरं वाटायचं.

मग एक दिवस दुपारी मी वाडीत उतरवलेले चिकू निवडत बसले होते. चिकूची झाडं जुनी झाली की खाली दुपारीसुद्धा हिरवट अंधार असतो. वारा नव्हता. मान वर केली तर रांगेच्या पार टोकाला एक माणूस उलट्या पावलांनी चालत माझ्याकडे येत होता. पाठ माझ्याकडे. खांदे थोडे डावीकडे झुकलेले. दोन्ही हात डोळ्यांपुढे, बोटांची चौकट केलेली. एक पाऊल मागे, थांबायचं, मान तिरकी करायची, परत एक पाऊल मागे. ते जाकीट.

त्याच्या मागे झाडाचं आळं होतं. पाणी भरलेलं.

"अहो, आळं!" मी ओरडले.

तो आळ्यात पाय घालून पडला. हेही दर वेळी पडायचे. मी ओरडायची आणि ते ओरडण्यामुळेच पडायचे. तो उठला, चिखल झटकत वळला, आणि चेहरा दुसराच निघाला. तेव्हा मला हायसं वाटलं की वाईट वाटलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. हातातला चिकू मात्र मी चिरडून टाकला होता. रस कोपरापर्यंत ओघळला होता.

"सॉरी काकू. तुम्ही इथे आहात हे माहीत नव्हतं. रिहर्सल करत होतो."

मी त्याला पाणी दिलं. तो तिथेच पालापाचोळ्यावर बसला.

"वाईट काम करणं फार अवघड आहे, काकू," तो म्हणाला. "मी चुका ठरवून करतो. ते मनापासून करायचे. महिनाभर मी त्यांचा आवाज काढतोय. काल घरी फोन केला तर मुलीनं ऐकलं आणि रॉंग नंबर म्हणून ठेवून दिला. परत केला, परत ठेवला."

"मग?"

"मग मी मेसेज केला, की बाबाच आहे."

तो हसला. मी हसले नाही. हसणं त्याचं होतं, पण श्वास घ्यायची पद्धत ह्यांची होती.

झरीला शूटिंग होतं तेव्हा मलाही घेऊन गेले. युनिटच्या गाडीतून आम्ही चारोटीला हायवेवर आलो, विवळवेढ्याचं महालक्ष्मीचं देऊळ मागे पडलं. दिग्दर्शक सारखा फोनवर. त्या दिवशी गिरणीतल्या खेळाचा प्रसंग होता. गिरणी केव्हाच बंद पडली आहे, पण शेड उभी आहे. त्यांनी ती झाडून घेतली, खिडक्यांना गोणपाटं लावली. सगळं अगदी तसंच. फक्त टीव्ही नव्हता. त्याच्या जागी एक मोठी पांढरी चादर ताणून बांधली होती.

"आम्ही टीव्हीवर दाखवला होता," मी म्हटलं.

"माहितीये काकू. पण पडदा छान दिसेल. आणि त्यांना पडद्याच्या मागे उभं करतोय. लोकांचे चेहरे बघायला ते तिथे उभे राहायचे, असं दाखवू."

प्रेक्षक म्हणून पाड्यावरचीच माणसं बोलावली होती. मी ज्यांना ओळखत होते त्यांची मुलं, सुना, नातवंडं. एक फार म्हातारी बाई पुढे बसवली होती. ती ताडीवाल्याची बायको. तिनं मला ओळखलं, माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. दिग्दर्शकानं सगळ्यांना समजावलं, "भूत आलं की हसायचं. पोट धरून. लाजायचं नाही." आधी नुसत्या कोऱ्या चादरीसमोर तालीम झाली. काय सुंदर हसले सगळे! पोरं तर लोळली. दिग्दर्शक खूश. "असंच, असंच," म्हणाला.

मग गोणपाटं नीट सारखी केली, बाहेर भर दुपार असून आत काळोख झाला, आणि त्यांनी ह्यांचा सिनेमा लावला.

ताडांचं रान. कॅमेरा हलतोय. बराच वेळ काही नाही. लोक हसायच्या तयारीत, पोरं एकमेकांना कोपरानं ढोसताहेत. मग उजवीकडच्या ताडामागून ताडीवाला म्हातारा बाहेर आला.

टीव्हीवर तो वीतभर दिसला होता. इथे तो जेवढा होता तेवढा दिसत होता. चादरीवर पाय जमिनीला टेकलेले, डोकं शेडच्या तुळईखाली. पिठानं पांढरा चेहरा. तो चालत आला, उभा राहिला, आणि समोर बसलेल्या आपल्या माणसांकडे बघून म्हणाला, "हे पांथस्था, माझे घर कोठे आहे?"

कुणी हसलं नाही.

तोवर माझ्याही लक्षात आलं नव्हतं. तो म्हातारा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. त्यानं प्रश्न विचारला आणि तो तसाच उभा राहिला, कारण ह्यांना थांबायचं कळत नव्हतं. पापण्या लवत होत्या. छाती वरखाली होत होती. चादर वाऱ्यानं जरा हलली, तसा तो हलला.

माझा हात धरून बसलेल्या म्हातारीनं हात सोडला. ती उठली नाही, ओरडली नाही. पुढे वाकून, जवळच्या माणसाशी बोलावं तसं बोलली, "पाडलं रे ते. तिकडून नवीन रस्ता गेला. आता आम्ही आंब्यापाशी राहतो. मोठ्या पोरानं पत्र्याचं बांधलं."

चादरीवरचा म्हातारा ऐकत उभा होता. ती बोलून झाली आणि मग तो वळून ताडामागे गेला. त्या वेळी ह्यांनी हात करून त्याला जायला सांगितलं असणार. पण शेडमध्ये बसलेल्यांना दिसलं ते असं की, उत्तर मिळालं आणि तो गेला.

दिग्दर्शक मॉनिटरजवळून हळू आवाजात म्हणत होता, "हसा ना. हसा." त्याचं कुणी ऐकलं नाही.

मग सुईण आली. मग गवंडी, ओठ दाबून हसू आवरणारा. त्याचा मुलगा माझ्या मागे बसला होता आणि आता तो बापापेक्षा वयानं मोठा दिसत होता. एकेक करून सगळे आले. सगळे गेलेले. कुणी तापानं, कुणी अपघातात, कुणी नुसतं म्हातारपणानं. आणि जो येईल तो ह्यांच्या आवाजात विचारत होता. तोच सर्दीनं भरलेला आवाज. हे गेल्यापासून मी तो असा मोठ्यानं ऐकला नव्हता. घरात कॅसेट लावायचं धाडस झालं नव्हतं. आता तो मेलेल्या प्रत्येक माणसाच्या तोंडातून येत होता आणि घर कुठे आहे म्हणून विचारत होता. लोक उत्तर देत होते. कुणी हळू, कुणी मोठ्यानं. "हिरीच्या पल्याड." "आहे अजून, तिथंच आहे, ये." गवंड्याच्या मुलानं नुसता हात वर करून दिशा दाखवली.

भीती होती का? होतीच. पण पळून जावंसं वाटत नव्हतं.

शेवटी मी आले.

ताडामागून मी बाहेर आले, पीठ फासलेली, तरणी, पदर खोचलेला. पुढे येऊन उभी राहिले आणि तोंड हलवलं. आतून हे बोलले. आणि शेडमध्ये वेगळाच आवाज झाला. माणसं जागच्या जागी वळण्याचा आवाज. सगळे माझ्याकडे बघत होते. चादरीकडे नाही, माझ्याकडे. त्या सगळ्या भुतांत मी एकटी जिवंत होते. एक लहान मुलगी पुढे सरकत आली आणि तिनं बोटानं माझ्या दंडाला दाबून पाहिलं. मग तिच्या आईनं तिला मागे ओढलं.

माझ्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही. देणार कोण? माझं घर डहाणूला.

सिनेमा संपल्यावर गोणपाटं काढली तरी माणसं बसूनच होती. पडद्यामागून तो नट बाहेर आला. घामानं जाकीट भिजलेलं. तो सरळ माझ्याजवळ आला आणि खाली बसला.

"काकू, मागून सगळं उलटं दिसतं," तो म्हणाला. आवाज आता त्याचाच होता. "आणि चादरीतून हे लोक दिसतात. ते विचारतात आणि हे सांगतात, आणि मधे मी उभा. मला वाटलं मी तिथे असायला नको होतं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ह्यांच्या जाकिटावरच ठेवला म्हणायचा.

तेवढ्यात ती म्हातारी बाई माझ्याकडे वळली. पाड्यावर कुणी कुणाला अहोजाहो करत नाही. ती म्हणाली, "तू त्यांच्यात होतीस. तुला माहीत असेल. तो जेवतो का नीट?"

दिग्दर्शक ऐकत होता, कॅमेरावाला ऐकत होता. ह्यांच्या सिनेमाच्या दिवशीचं मला आठवत होतं ते एवढंच की शूटिंग उरकल्यावर आम्ही सगळ्यांनी ताडांखाली बसून भाकरी आणि सुकट खाल्ली होती, आणि त्या म्हाताऱ्यानं माझ्या पानातली अर्धी भाकरी उचलून घेतली होती.

"जेवतो," मी म्हटलं. "माझ्यातली पण खातो."

ती तोंडाला पदर लावून हसली. त्या दिवसाचं हसणं म्हणाल तर तेवढंच.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "परत लाव." आणि त्यांना परत लावावा लागला.

दिग्दर्शक परतीच्या वाटेवर फोनवर बोलला नाही. आशागडच्या वळणापाशी म्हणाला, "काकू, हे मी वापरू शकत नाही. माझा सिनेमा वेगळा आहे." थोड्या वेळानं म्हणाला, "त्यांना हे जमलं असं दाखवलं, तर तो वेगळाच माणूस होईल." मला त्याचं म्हणणं समजलं. त्याला ज्या माणसाला काही जमत नाही त्या माणसावर सिनेमा काढायचा होता, आणि त्या माणसानं त्याच्यासमोर खोलीभर माणसं घाबरवून दाखवली होती.

गिरणीचा प्रसंग त्यांनी पुढे मुंबईत सेट लावून घेतला. हसणारी माणसं तिकडचीच. सिनेमा लागला तेव्हा लेक मला बोईसरला घेऊन गेली. थिएटर अर्धं भरलं होतं. चांगला सिनेमा आहे, खोटं कशाला बोलू. त्या नटानं ह्यांचं मन ओळखलं होतं. आळ्यात पडण्याचा प्रसंग आला तेव्हा सगळे हसले, मीही हसले. गिरणीचा प्रसंग आला तेव्हा पडद्यावरचे लोक हसले आणि थिएटरमधले लोक त्यांच्याबरोबर हसले. लेकीनं माझा हात धरला. मी समोर बघत होते. मुंबईच्या त्या सेटवर पडद्यामागे उभा असलेला नट एक क्षणभर दिसतो. लोक हसत असतात आणि तो पांढराफटक पडलेला. मला वाटतं ते तेवढं दिग्दर्शकानं मुद्दाम ठेवलं असावं, किंवा काढायचं राहून गेलं असावं.

पाड्यावरच्या पोरांना ह्यांचा मूळ सिनेमा लेकीनं मोबाइलवर पाठवून दिला. त्यांनी मागितला होता. तो आता तिकडे घराघरात आहे म्हणतात. गवंड्याच्या मुलाच्या घरी लग्न झालं, तेव्हा जेवणं व्हायच्या आधी लावला होता, सगळ्यांनी पाहिला.

गेल्या उन्हाळ्यात डहाणूच्या बाजारात मी सुके बोंबील घेत होते. एका बाईनं मागून माझा पदर ओढला. माझ्यापेक्षा बरीच लहान, डोक्यावर पाटी. म्हणाली, माझं माहेर झरीचं, आता उधव्याला दिली आहे. सिनेमा पाहिला म्हणाली.

"माझी आई त्यात कुठे आहे, बाय?"

तिनं आईचं नाव सांगितलं, खुणा सांगितल्या. मला आठवली. ह्यांनी तिलाही भूत व्हायला बोलावलं होतं. ती म्हणाली होती, मी मेले नाही तर मेल्यासारखी कशाला चालू? आणि विळा घेऊन गवत कापायला निघून गेली होती. ह्यांनी बऱ्याच विनवण्या केल्या, ती वळली नाही. म्हणून तर एक बाई कमी पडली होती.

हे सगळं मी तिला सांगितलं. तिचा चेहरा पडेल असं वाटलं. तिच्याकडे आईचा एकही फोटो नव्हता, हे ती आधीच बोलली होती. मी म्हटलं, आपण नीट बघू, कडेला कुठे उभी असेल. मासेवालीच्या छत्रीखाली बसून आम्ही दोघींनी तिच्या मोबाइलवर सिनेमा पुढेमागे करून पाहिला. ताडांच्या मागे, कडेला, अगदी लांब बांधापर्यंत. कुठेच नव्हती.

"नाही गं," मी म्हटलं.

तिनं मोबाइल पदरात बांधला.

"मग बरं झालं," ती म्हणाली. "ती विचारत नाही फिरत. पोचली ती." तिनं पाटी उचलली, मला हात केला आणि उधव्याच्या जीपकडे गेली.

ती सहज बोलली होती, मला लागावं म्हणून नाही. पण घर विचारणाऱ्यांत मीही आहे, आणि मला कुणी उत्तर दिलेलं नाही. मी पिशवी घेऊन निघाले. ऊन फार होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ओळखीचा दुकानदार काहीतरी म्हणाला, मी मान हलवली.

त्या दिवसापासून मला एक सवय लागली आहे. लेकीला सांगितलेली नाही, ती काळजी करेल. कुठूनही घरी परतताना मी वाट मनाशी म्हणत येते. स्टेशन. डाव्या हाताला पिठाची चक्की. पुढे उतार. मग वाडीचं कुंपण, आणि कुंपण संपलं की आमचं निळं फाटक. अजून एकदाही चुकलेलं नाही.